जुन्या बोटीचं पेट्रोल इंजिन: कार्बोरेटर आणि सुटे भाग निवडताना

बडोद्यात जुन्या इंजिनांची जाण असलेल्या माणसांची वाण नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशाळा सुरू केली, तेव्हापासून लेथवर हात बसलेल्या पिढ्या या शहरात घडल्या. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात व्हिंटेज गाड्यांचा मोठा सोहळा झाला. आजही मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत नमुना नेऊन दिला, तर जुन्या कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) शाफ्टला पितळेचा बुश, म्हणजे झिजलेल्या भोकात बसणारी बारीक नळी, बसवून मिळतो. त्यामुळे कुणाच्या वाड्यावर किंवा शेतघरात पडलेलं बोटीचं जुनं इंजिन पुन्हा चालू करायचं म्हटलं, की पहिला विचार गाडीच्या मिस्त्रीचाच येतो.

मिस्त्री जरूर बोलवा. पण गाडीवर शिकलेला हात बोटीचं इंजिनही गाडीसारखंच बांधतो, आणि ते इतकं छान चालतं की कुणाला शंकाच येत नाही. गाडीचा कार्बोरेटर गळला तर पेट्रोल रस्त्यावर पडतं आणि वाऱ्यावर उडून जातं. बोटीत इंजिनाखाली बंद तळ असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडत नाही, हंड्यात पाणी साठावं तशी तळाशी साठते. हवेत तिचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. म्हणून या लेखातल्या प्रत्येक भागाला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. हा बिघडला तर पेट्रोल कुठे जाईल? आणि याच्या आत ठिणगी पडली तर ती बाहेर येईल का? इंजिन किती गोड चालतं हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी इंजिन ओळखा

बोटीची बहुतेक जुनी पेट्रोल इंजिनं मुळात गाडीची, ट्रकची किंवा कारखान्यातली असतात. त्यांना पाण्यावर चालण्यासाठी वेगळं मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडलेल्या हवेच्या आणि धुराच्या वाटा), पाण्याचा पंप आणि गिअरबॉक्स बसवून विकलं गेलं. ग्रे मरीनची अनेक इंजिनं काँटिनेंटलच्या ब्लॉकवर होती, तर क्रायस्लर क्राउन हे साइड-व्हॉल्व्हचं सहा सिलिंडरचं इंजिन. म्हणून ब्लॉकवरचा नंबर एकीकडे नेतो आणि बोटीच्या कंपनीची पाटी दुसरीकडे. दोन्ही टिपून ठेवा. पिस्टन, रिंगा, बेअरिंगसाठी ब्लॉकचा नंबर उपयोगी, कार्बोरेटर आणि पंपासाठी बोटीची पाटी.

मग चार गोष्टी मोजा: इंजिनाची क्षमता, पंख्यासह (म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरसह) पूर्ण जोरात मिळणारे आरपीएम, मॅनिफोल्डच्या फ्लँजवरच्या, म्हणजे कार्बोरेटर बसतो त्या सपाट तोंडावरच्या, बोल्टांमधलं अंतर आणि इंजिनाचा कल. कल मोजायला लोक विसरतात. बोटीत इंजिन बहुधा मागे झुकवून बसवलेलं असतं, दहा-पंधरा अंशांचा उतार नेहमीचाच. टेबलावर सपाट ठेवून फ्लोटची (कटोरीतलं पेट्रोल ठरल्या उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या डबीची) पातळी लावलेला कार्बोरेटर अशा उतारावर एका बाजूने भरून वाहू शकतो. मूळ मॅनिफोल्डची फ्लँज हा उतार भरून काढते का ते पाहा. नसेल काढत, तर पाचरीसारखा तिरपा स्पेसर करून घ्यावा लागतो.

किती मोठा कार्बोरेटर लागतो

दुकानदार म्हणेल, मोठा घ्या, जोर वाढेल. ऐकू नका. गरजेपेक्षा मोठ्या कार्बोरेटरमध्ये हवेचा वेग पडतो, पेट्रोलचं नीट तुषार होत नाही आणि बोट धक्क्याला लावताना, म्हणजे अगदी कमी वेगात, इंजिन बंद पडतं. धक्क्याजवळ इंजिन बंद पडणं हा नुसता वैताग नाही, त्यात अपघात होतात.

हिशेब सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा घेतं. ४.१ लिटरचं इंजिन ३,२०० आरपीएमवर चालत असेल, तर ४.१ गुणिले १,६०० म्हणजे मिनिटाला ६,५६० लिटर. जुनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनं पूर्ण भरत नाहीत, म्हणून पाऊण पट धरा: सुमारे ४,९०० लिटर. अमेरिकन कॅटलॉगमध्ये हाच आकडा घनफुटांत असतो, तेव्हा २८.३ ने भागा. साधारण १७४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, येतात. गाडीच्या शौकिनांमध्ये चालणारे चार-पाचशे सीएफएमचे कार्बोरेटर इथे कामाचे नाहीत. व्हेंचुरीच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या आतल्या अरुंद गळ्याच्या, मापात बोलायचं तर एवढ्या हवेला ३४-३५ मिलिमीटरची एक व्हेंचुरी पुरते.

मात्र आकार जुळला म्हणजे काम झालं असं नाही. गाडी उतारावर सुटते, सिग्नलला थांबते. बोटीचं इंजिन सतत ओझं ओढतं, आणि पंखा फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून बोटीचा कार्बोरेटर मधल्या वेगापासूनच थोडं जास्त पेट्रोल देईल असा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, लावलेला असतो. गाडीचा, काटकसरीचा जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात आणि एखादा मोसम संपण्याआधी जळतात.

बोटीचा कार्बोरेटर कशावरून ओळखायचा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. जीप, अँबॅसेडर किंवा पद्मिनीचा कार्बोरेटर अॅडाप्टर प्लेट लावून बसवण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. फ्लँज बसेल, इंजिन सुरूही होईल. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, आणि कारण दिसायला एवढंसं आहे.

कार्बोरेटर हातात घेऊन फ्लोटच्या कटोरीचा श्वास कुठे उघडतो ते बघा. गाडीच्या कार्बोरेटरमध्ये तो बऱ्याचदा बाहेर, झाकणावरच्या भोकातून उघडतो. नीडल आणि सीटमध्ये, म्हणजे कटोरीत पेट्रोल सोडणाऱ्या झडपेत, कचऱ्याचा एक कण अडकला की पेट्रोल त्या भोकातून थेट इंजिनाच्या अंगावरून तळाशी. बोटीच्या कार्बोरेटरमध्ये ही नळी आत वळून घशात, म्हणजे हवा जाते त्या वाटेत, उघडते, म्हणजे उतू गेलेलं पेट्रोल इंजिनच्या पोटात जातं. त्याने इंजिन काळा धूर सोडेल, बंद पडेल, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळेल. हे सगळं दुरुस्त होतं.

दुसरी जागा थ्रॉटलचा शाफ्ट. गाडीत तो जिथून बाहेर येतो तिथे पेट्रोल पाझरलं तर कुणाचं लक्ष जात नाही. बोटीच्या कार्बोरेटरमध्ये शाफ्टवर खाच असते, ती पाझरलेलं पेट्रोल परत आत खेचते. बोटाने शाफ्ट वरखाली हलवा. खळखळ लागली तर भोक रीम करून बुश बसवल्याशिवाय तो कार्बोरेटर इंजिनावर चढवू नका. मात्र नवा शाफ्ट वळवताना ती खाचही तशीच करायला कारागिराला बजावा. जुना शाफ्ट नमुना म्हणून त्याच्याकडे ठेवा, नाहीतर तो गुळगुळीत शाफ्ट करून देईल आणि त्याला वाटेल आपण सुधारणा केली.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमांत यासाठी नेमकी चाचणी आहे: फ्लोट व्हॉल्व्ह उघडा, थ्रॉटल अर्धा, पंपाचा पूर्ण दाब, आणि ३० सेकंदांत ५ घनसेंटिमीटरपेक्षा जास्त इंधन गळता कामा नये. तो नियम आपल्याला लागू नाही, पण त्याच्याइतका साफ मापदंड मला दुसरा माहीत नाही. पाच घनसेंटिमीटर म्हणजे चहाचा एक लहान चमचा. ही चाचणी घरी करता येते, फक्त पेट्रोलऐवजी मिनरल टर्पेंटाइन वापरा, उघड्यावर करा आणि आसपास विडी-काडी नको. कार्बोरेटर त्याच्या खऱ्या उतारावर शिकंजात धरा, नीडल उघडी राहील अशी अडकवा, खाली पांढरा कागद आंथरा आणि हातपंपाने दाब द्या. कागद कुठे आणि किती भिजतो त्यावरून अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. शाफ्टखाली डाग पडला तर बुश गेलाय. झाकणाच्या कडेने ओल आली तर गॅस्केट खराब आहे किंवा झाकण वाकलंय, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या.

खालून वर हवा ओढणारे अपड्राफ्ट कार्बोरेटर जुन्या बोटींत खूप दिसतात, कारण इंजिनाच्या झाकणाखाली उंची कमी असते. झेनिथचे अनेक जुने नमुने याच जातीचे. यांची अडचण उघड आहे: उतू गेलेलं पेट्रोल घशातून खाली, हवेच्या तोंडाकडे येतं. म्हणून त्यांच्या तोंडाशी पेट्रोल झेलणारी जाळीची वाटी लागते आणि तिथून मॅनिफोल्डकडे जाणारी बारीक तांब्याची नळी. इंजिन सुरू झालं की त्या नळीतून साठलेलं पेट्रोल आत ओढलं जातं. जुन्या इंजिनांवर ही नळी तुटलेली किंवा कुणीतरी चेपून बंद केलेली सापडते. ती आधी दुरुस्त करा. पण ही अडचण टाळायची म्हणून मॅनिफोल्ड बदलून डाउनड्राफ्ट (वरून खाली हवा ओढणारा) करण्याच्या भानगडीत पडू नका. मूळ रचना पूर्ण असेल तर अपड्राफ्ट सुरक्षित आहे.

ब्रिटिश इंजिनांवर आडवे एसयू कार्बोरेटर सापडतात. त्यांच्या कटोरीला बाहेर सांडणारी ओव्हरफ्लोची नळी असते. ती तळाच्या दिशेने मोकळी सोडलेली असेल, तर ते इंजिन सुरू करू नका.

पेट्रोल आता ई-२० आहे

तुमचं इंजिन बनलं तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आपल्याकडे २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि आता पंपावर तेच मिळतं. कोयलीची रिफायनरी अंगणात असली तरी बडोद्याला वेगळं पेट्रोल मिळत नाही. याचे परिणाम तीन.

पहिला, जेट. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. जेटच्या व्यासात ही वाढ चार टक्क्यांच्या आसपास बसते. १.२० मिलिमीटरचा मेन जेट असेल तर १.२५ चा आणा. तारेने किंवा ड्रिलने भोक मोठं करणारे भेटतील, त्यांना दूर ठेवा. जेटच्या भोकाचा काठ बिघडला की मग कोणताच हिशेब जुळत नाही.

दुसरा, रबर आणि फ्लोट. जुन्या कॉर्कच्या फ्लोटवर लाखेचा लेप असतो आणि इथेनॉल तो विरघळवतं. मग कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, बुडतो आणि कटोरी उतू जाते. पितळेचा फ्लोट घ्या, आणि बसवण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि सोल्डर केलेल्या सांध्यातून बुडबुडा निघाला तर तिथे भोक आहे. नीडलचं टोक आणि पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) व्हायटॉन या रबराचा किंवा इथेनॉल चालणारा असावा. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. रबराचा तुकडा मोजून काचेच्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर ठेवा. फुगला किंवा मऊ पडला तर तो माल परत.

तिसरा, पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. श्रावणात अर्धी रिकामी टाकी ठेवून दिली की हे घडायला वाव मिळतो. पाणी वेगळं करणारा, धातूच्या शरीराचा फिल्टर टाकीनंतर लावाच. बाइकच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर बोटीत नको, आग लागली की सगळ्यात आधी तोच वितळतो. पॉलिएस्टर रेझिनची जुनी फायबरची टाकी असेल तर तीही इथेनॉलला टिकत नाही, बदलून टाका.

आमच्याकडच्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात ४३ अंशांची हवा जानेवारीतल्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, त्यामुळे हिवाळ्यात अचूक लावलेलं मिश्रण उन्हाळ्यात थोडं श्रीमंत होईल, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडेल. त्यासाठी जेट बदलत बसू नका. त्याहून मोठा त्रास म्हणजे गरम इंजिनजवळ पेट्रोलची नळीतच वाफ होणं. कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर घाला आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांबून न्या.

फ्लेम अरेस्टर

गाडीचा कागदी किंवा ऑइलचा एअर फिल्टर काढून टाका. इंजिनने उलट भडका मारला तर ज्वाळा कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते आणि तिला अडवायला फ्लेम अरेस्टर लागतो. त्यातल्या धातूच्या बारीक पट्ट्या ज्वाळेची उष्णता शोषतात आणि ती पलीकडे पोचेपर्यंत विझते. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने खाणकामगारांसाठी केलेल्या दिव्याचं तत्त्व हेच. म्हणून कुणी म्हणेल, जाळी लावली की झालं. तसं नाही. जाळीची वीण, थर आणि कडेची घट्ट बसणी यांवर सगळं अवलंबून आहे. एसएई जे १९२८ किंवा यूएल ११११ हा शिक्का असलेलाच घ्या. बसवल्यावर कडेने कागदाची पट्टी सरकत असेल तर ज्वाळाही निसटेल. अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या बोटीतल्या पेट्रोल इंजिनांना हा भाग सक्तीचा आहे, तेव्हा जुन्या इंजिनाला नवं काही चिकटवल्यासारखं वाटायचं कारण नाही.

पंप, नळ्या, टाकी

यांत्रिक पंप घ्यायचा तर दोन डायफ्रामचा. पहिला फाटला की गळती दिसण्यासाठी काचेची वाटी असते किंवा पेट्रोल कार्बोरेटरच्या घशात नेणारी नळी असते. गाडीच्या पंपाला खालून एक भोक असतं आणि पडदा फाटला की पेट्रोल तिथून बाहेर पडतं. दिसायला दोन्ही पंप सारखे, म्हणून उलटा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

इलेक्ट्रिक पंप लावलात तर तो ऑइल प्रेशर स्विचमधून जोडा, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. दाब तपासा: जुन्या अपड्राफ्टला दीड ते तीन पीएसआय (चौरस इंचावर तेवढे पौंड) पुष्कळ. एक मीटर उंचीवरच्या पेट्रोलचा दाबच एक पीएसआय होतो, त्यामुळे टाकी वर असेल तर पंप बंद असतानाही पेट्रोल खाली वाहत राहू शकतं. अशा ठिकाणी टाकीच्या तोंडाशीच अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पेट्रोल आपोआप वाहू न देणारी झडप) आणि हाताने बंद होणारा कॉक हवा.

नळीवर ए१-१५ किंवा आयएसओ ७८४० छापलेलं असावं. अशी नळी आगीत अडीच मिनिटं तग धरते. नुसती 'पेट्रोल पाइप' म्हणून मीटरवर मिळणारी काळी नळी चालणार नाही.

ठिणगी

स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर, ब्लोअर (कप्प्यातली हवा बाहेर ओढणारं यंत्र), तळातला पाण्याचा पंप, स्विच: इंजिनाच्या कप्प्यातल्या प्रत्येक विजेच्या भागावर एसएई जे ११७१ किंवा आयएसओ ८८४६ या मानकाचा शिक्का हवा. असे भाग मुद्दाम ज्वलनशील वायूत ठेवून, आत स्फोट घडवून तपासतात. आतली आग बाहेर आली नाही तरच पास. गाडीच्या अल्टरनेटरच्या उघड्या खिडकीतून ब्रशची ठिणगी दिसते, आणि तो निम्म्या पैशात मिळतो. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, क्रोमच्या कामात वाचवा.

बसवणं आणि पहिली चाचणी

पाण्याचे भाग थोडक्यात सांगतो. ब्लॉकच्या कोअर प्लग (पाण्याच्या वाटेवरच्या भोकांची झाकणं) पितळेच्या बसवा. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा तुकडा), खाऱ्यात जस्ताचा. बोट भरूचच्या बाजूला, नर्मदेच्या भरतीच्या पाण्यात नेणार असाल तर खारं पाणी धरूनच निवड करा. इनलँड व्हेसल्स अॅक्ट, २०२१ खाली यांत्रिक बोटीला सर्वेक्षण आणि नोंदणी लागते, आणि ज्या तलावात उतरणार तिथल्या संस्थेची परवानगी वेगळी. हे खर्चाला हात घालण्याआधी विचारून घ्या.

सुरू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवा. त्याचं ओढणारं तोंड तळाजवळ हवं, पण तिथे साचणाऱ्या पाण्याच्या वर. मग झाकण उघडून वाकून वास घ्या. पेट्रोलचा किंचितही वास आला तर किल्लीला हात लावायचा नाही, गळती शोधायची. पावडरचं अग्निशामक हाताशी, इंजिनाच्या कप्प्याबाहेर. आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातल्या हरणीच्या तलावात बोट उलटून शाळेच्या सहलीतली बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या, त्या शहरात जॅकेटविना पाण्यावर जाणारा माणूस मला बघवत नाही.

मिश्रण लावायचं ते पाण्यात, पंख्यावर ओझं असताना. स्टँडवर लावलेलं पाण्यात टिकत नाही. आधी आयडलचा (इंजिन ओझ्याविना संथ चालतं त्या वेगाचा) स्क्रू व्हॅक्यूम गेजवर सगळ्यात वरच्या आकड्याला लावा आणि तिथून जरासा श्रीमंत करा, म्हणजे गिअर टाकताना इंजिन दबणार नाही. मग दहा मिनिटं पाऊण थ्रॉटलवर चालवा, त्याच वेगात इग्निशन बंद करा, झाकण उघडून पुन्हा ब्लोअर लावा आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर बरोबर. पांढरा, टिपक्याटिपक्यांचा असेल तर जेट एक माप मोठा. काळा आणि सुका असेल तर एक माप लहान, पण त्याआधी फ्लोटची पातळी आणि चोक पूर्ण उघडतो की नाही ते बघा, कारण काळ्या प्लगचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

दर वेळी बोट बांधताना टाकीचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. कटोरी रिकामी राहिली की ई-२० चा चिकट थर जेटमध्ये बसत नाही, आणि रात्रभर गळायला आत पेट्रोलही उरत नाही. पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा, आणि काढलेलं पेट्रोल जुनं होण्याआधी गाडीत घालून संपवा.